पाच लाखांचे सरकारी संरक्षण मिळाल्यावर कमी उत्पन्नाच्या कुटुंबाने खासगी आरोग्य विमा ठेवावा काय? (खान्देशातील अनुभव हवेत)

बोरीकाठ (अमळनेर)

मंडळी, नमस्कार.

प्रश्न माझ्या धाकट्या भावाच्या घरचा आहे, पण तो आपल्याकडच्या बऱ्याच घरांना पडला असेल म्हणून येथे मांडतो. भाऊ अमळनेरला कापडाच्या दुकानात नोकरीला आहे आणि त्याचा पगार १४,००० रुपये आहे. भावजय शिवणकाम करते, त्यातून महिन्याला ४,००० रुपयांच्या आसपास मिळतात. दोन मुले शाळेत आहेत. आमची आई, वय ६६, त्याच्याकडेच राहते. तिला मधुमेह आहे. वडील नोकरीत असताना निघालेली पांढरी शिधापत्रिका पुढे तशीच राहिली, त्यामुळे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे कुटुंब कधीच बसले नाही आणि भावाने पोटाला चिमटा घेऊन पाचही जणांची एकत्रित खासगी पॉलिसी घेतली. ती सहा वर्षांपासून सुरू आहे. मागच्या वर्षीचा हप्ता २३,००० रुपये होता, म्हणजे त्याच्या दीड महिन्याच्या पगाराहून अधिक.

१ जुलै २०२४ पासून ही योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू झाली आणि संरक्षण दीड लाखावरून प्रतिकुटुंब प्रतिवर्ष पाच लाख झाले. भावाचे म्हणणे असे की सरकार पाच लाख देत असताना हप्ता भरण्यात अर्थ नाही, आणि ते पैसे मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी लागणार आहेत. मला मन घट्ट करून त्याला हो म्हणता येत नाही आणि नाही म्हणण्याइतकी माहितीही माझ्याकडे नाही. पुढच्या महिन्यात नूतनीकरणाची तारीख आहे. ज्यांनी ही योजना प्रत्यक्ष वापरली आहे त्यांनी कृपया लिहावे.

केळीबाग_रावेर

हप्ता थांबवू नका, एवढेच आता लिहितो. आज केळीची गाडी भरायची आहे, सविस्तर कारण रात्री देतो.

पांझराकाठ (धुळे)

बोरीकाठ भाऊ, ही योजना धुळेकरांना नवी नाही. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत आपला धुळे जिल्हा होता. जळगाव आणि नंदुरबारला २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावे लागले. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी ते अडीच लाख होते. २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले, १ एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून राबवली जाऊ लागली, आणि आता आपण म्हणता तो बदल झाला आहे. त्या बदलात उपचारांची यादीही ९९६ वरून १३५६ वर गेली होती.

माझ्या सासऱ्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया याच योजनेतून झाली. रुग्णालयाने शस्त्रक्रियेचा, खाटेचा, जेवणाचा एक रुपयाही घेतला नाही, हे मी शपथेवर सांगेन. मात्र भरती होण्याआधी रोगनिदानासाठी ज्या तपासण्या बाहेर कराव्या लागल्या त्यांचा खर्च आम्ही केला, आणि घरी आल्यावर योजनेतील औषधांची मुदत संपली तेव्हापासून दर महिन्याच्या गोळ्या आम्हीच विकत घेतो. घराला जो भार जाणवतो तो या दोन टोकांचा आहे. मधला भाग सरकारने उचलला आणि तो भाग सर्वांत मोठा होता, म्हणून मी या योजनेचा ऋणी आहे.

मुक्ताई_शेतकरी (मुक्ताईनगर)

पांढऱ्या शिधापत्रिकेचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण हे आमच्या भागाचे जुने दुखणे आहे. २०२४ च्या आधी केवळ पिवळी आणि केशरी शिधापत्रिका चालत असे, पण शेतकरी आत्महत्यांमुळे कृषिसंकटग्रस्त ठरवलेल्या १४ जिल्ह्यांत पांढरी शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्यालाही सातबारा दाखवून लाभ मिळत होता. त्या यादीत मराठवाड्याचे आठ जिल्हे होते आणि विदर्भातील अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशिम, यवतमाळ, वर्धा हे सहा. खान्देशातील एकही जिल्हा नव्हता. आमच्या शिवारापासून मलकापूर किती जवळ आहे ते आपण जाणता. तिकडच्या कोरडवाहू कापूसवाल्याला योजना आणि इकडच्या कोरडवाहू कापूसवाल्याला नाही, जमीन तीच, पाऊस तोच, कर्जही तेवढेच. माझ्या चुलत्यांच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेला घरातली बैलजोडी विकावी लागली, आणि त्यांचे साडू पलीकडच्या जिल्ह्यात असल्यामुळे तशाच शस्त्रक्रियेतून फुकट मोकळे झाले. म्हणून सर्वांना योजना लागू करण्याचा निर्णय मला मनापासून पटतो, मग त्यात अंमलबजावणीचे कितीही दोष निघोत. उत्पन्नाचा आकडा कागदावर एकदा चढला की गरिबाला तो पुसता येत नाही, आणि रंगाची अट काढल्यामुळे तो वाद संपला.

दवाखाना_भुसावळ

मी भुसावळ परिसरात वैद्यकीय व्यवसाय करतो. माझा स्वतःचा छोटा दवाखाना योजनेत नाही, पण मी रुग्ण योजनेतील रुग्णालयांत पाठवत असतो, त्यामुळे दोन्ही बाजू पाहतो.

“पाच लाखांचे संरक्षण” ऐकून लोकांना वाटते की पाच लाखांपर्यंतचे कोणतेही बिल सरकार भरेल. तसे नाही. प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरलेला असतो आणि रुग्णालयाला तेवढीच रक्कम मिळते. उपचार यादीत असावा लागतो, रुग्णालय योजनेत असावे लागते, तेही त्या विशिष्ट शाखेसाठी असावे लागते, आणि त्या दिवशी तेथे खाट मिळावी लागते. हाडांसाठी मान्यता असलेल्या रुग्णालयात हृदयरोग्याला योजना मिळत नाही. काही उपचार केवळ सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. ते खासगीत करायचे तर खिशातून करावे लागतात. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी आणि नेहमीची औषधे योजनेत येत नाहीत.

रुग्णालये काही वेळा टाळाटाळ का करतात, याचेही कारण सांगतो. ठरलेला दर अनेक शस्त्रक्रियांना पुरत नाही आणि दाव्याची रक्कम हाती येण्यास उशीर होतो, त्यामुळे लहान रुग्णालयाला दोन्ही झळा एकाच वेळी बसतात. म्हणून योजनेतील रुग्णांसाठीच्या खाटा मर्यादित ठेवल्या जातात, किंवा रुग्णालय योजनेतून बाहेर पडते. यात रुग्णाचा काही दोष नसतो आणि त्याच्याकडून वरचे पैसे मागणे नियमाविरुद्ध आहे, हे मी डॉक्टर असूनही स्पष्ट लिहितो. कुणी मागितले तर आधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटावे आणि तरीही अडवणूक झाली तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकांवर तक्रार नोंदवावी.

तेव्हा आपल्या भावाने आधी एक काम करावे. अमळनेरहून तासा-दीड तासात पोहोचता येतील अशी योजनेतील रुग्णालये कोणती आणि ती कोणत्या शाखांसाठी आहेत, याची यादी काढून घरात लावून ठेवावी. ती यादी हाती येईपर्यंत पाच लाख या आकड्यावर कोणताही निर्णय घेऊ नये.

आशा_पारोळा

डॉक्टरसाहेबांनी लिहिले ते खरे आहे. मी आशा म्हणून काम करते, म्हणून कागदपत्रांबद्दल लिहिते, कारण निम्मी अडचण तेथेच होते.

पहिली गोष्ट, आभा क्रमांक आणि आयुष्मान कार्ड या वेगळ्या गोष्टी आहेत. आभा हा आपल्या आरोग्याच्या नोंदींचा क्रमांक आहे, त्यातून उपचाराचे पैसे मिळत नाहीत. योजनेतील उपचारासाठी चालते ते आयुष्मान कार्ड. गावात कितीतरी माणसे आभाचा कागद जपून ठेवतात आणि दवाखान्यात तोच दाखवतात. दुसरी गोष्ट, आधारवरचे नाव आणि शिधापत्रिकेवरचे नाव जुळले पाहिजे. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेतून कमी केलेले नसते आणि सासरच्या शिधापत्रिकेत चढवलेले नसते. ती बाळंतपणात किंवा आजारात अडकते तेव्हा घरचे लोक तहसील कार्यालयाकडे धावतात. बोरीकाठ दादा, आपल्या भावजयीचे आणि दोन्ही मुलांचे नाव आजच पाहून घ्या.

आणि आईंच्या मधुमेहासाठी. आमच्या उपकेंद्रावर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी होते, निदान झालेल्यांना गोळ्याही मोफत मिळतात. चांगल्या घरच्या बायका तेथे यायला संकोचतात. गोळी तीच असते. महिन्याचा औषधाचा खर्च वाचला तर हप्त्याला तेवढाच हातभार लागेल.

सातपुडा_पायथा (धडगाव)

नंदुरबार जिल्ह्याच्या वतीने दोन शब्द. आमच्याकडे प्रश्न विमा ठेवावा की सोडावा असा पडतच नाही, कारण खासगी पॉलिसी कुणाकडे नसते. धडगाव, अक्कलकुवा, मोलगी भागातील कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. तेथे माणूस आजारी पडला तर आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातील मान्यताप्राप्त रुग्णालयातही चालते, ही मोठी सोय आहे. मात्र केंद्राच्या यादीत ज्यांची नावे २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेतून आली आणि ज्यांचे कार्ड निघाले, त्यांनाच ती मिळते. केवळ राज्याच्या बाजूने योजनेत आलेल्याने सुरतेच्या दवाखान्यात तीच अपेक्षा ठेवू नये. मी एका मजुराला बारडोलीहून परत आणण्यासाठी गावाने वर्गणी काढलेली पाहिली आहे, आणि त्याची शिधापत्रिका पिवळी होती.

आमच्या भागात सिकलसेलचा (रक्ताचा आनुवंशिक) आजारही मोठा आहे. त्याची राष्ट्रीय निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. तपासण्या होतात, रंगीत कार्डे वाटली जातात, ते चांगलेच आहे. पण सिकलसेलच्या रुग्णाला लागते ती वर्षभराची औषधे आणि वेदनेचा झटका आल्यावर जवळचे रुग्णालय. डोंगरातल्या पाड्यावरून खाली येण्याचे वाहनभाडे कोणत्याही योजनेत नीट बसत नाही.

एमआयडीसी_जळगाव

बोरीकाठ दादा, आपल्या भावाचे दुकान कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडे नोंदलेले आहे का, हे आधी विचारा. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर कामगार ०.७५ टक्के आणि मालक ३.२५ टक्के भरतो. १४,००० रुपयांवर भावाचा वाटा महिन्याला १०५ रुपये होईल. त्यात बाह्यरुग्ण उपचार, औषधे, अवलंबून असलेले आईवडील हे सर्व येते, आणि आजारपणात पगार बुडाला तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. फुले योजनेतही बुडालेली रोजी मिळत नाही, आणि आपल्या भावाच्या पॉलिसीतही ती सहसा नसते.

आमच्याकडे चटईच्या आणि डाळीच्या कारखान्यांतील कामगारांचा दुसरा त्रास आहे. बढती मिळून पगार २१,००० च्या वर गेला की त्या सहामाहीचा अंशदान कालावधी संपताच माणूस बाहेर पडतो. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून तशीच आहे आणि दरम्यान महागाई कुठे गेली ते सर्वांना माहीत आहे. पगार हजाराने वाढतो आणि आजारपणाचे संपूर्ण संरक्षण जाते. अशा कामगारांना आता निदान फुले योजना उरली, हा २०२४ च्या बदलाचा खरा फायदा मी मानतो.

बोरीकाठ

विचारले. दुकानात चारच माणसे आहेत आणि नोंदणी नाही. तरीही माहितीबद्दल आभार. आशाताई, भावजयीचे नाव शिधापत्रिकेत आहे, धाकट्या मुलाचे नव्हते. अर्ज आज दिला.

शिंदखेड्याची_लेक (टेक्सास)

मी गेली काही वर्षे अमेरिकेत टेक्सास राज्यात राहते. एमआयडीसी दादांनी उत्पन्नाच्या सीमारेषेबद्दल लिहिले, तसाच प्रश्न येथेही आहे, म्हणून थोडे लिहिते.

२३ मार्च २०१० रोजी येथे आरोग्यसेवा सुधारणेचा मोठा कायदा झाला. कल्पना अशी होती की दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रौढांना ‘मेडिकेड’ या सरकारी योजनेत घ्यावे आणि त्यावरच्या कुटुंबांना खासगी विम्याच्या हप्त्यात सवलत द्यावी. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मेडिकेडचा विस्तार राज्यांवर सक्तीचा करता येणार नाही. टेक्सासने तो आजवर केलेला नाही. हप्त्यातील सवलत मात्र दारिद्र्यरेषेच्या १०० टक्क्यांपासून सुरू होते, कारण त्याखालचे लोक मेडिकेडमध्ये असतील असे कायदा करणाऱ्यांनी गृहीत धरले होते. परिणामी माझ्या शेजारची धुणीभांडी करणारी बाई, जिची कमाई त्या रेषेच्या खाली आहे, तिला सरकारी योजनाही नाही आणि सवलतही नाही, तर तिच्याहून थोडी अधिक कमावणाऱ्या तिच्या बहिणीला मोठ्या सवलतीत विमा मिळतो. शिवाय २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने मेडिकेडच्या विस्तारातून आलेल्या अनेक प्रौढांवर महिन्याला ८० तास काम किंवा तत्सम कार्य दाखवण्याची अट घातली असून ती २०२७ पासून लागू व्हायची आहे. काम करणारी माणसेही कागद वेळेवर न दिल्याने बाहेर फेकली जातील, अशी येथे काळजी आहे.

शिंदखेड्याला माझ्या आईला ही रेषा आता ओलांडावी लागत नाही, याचे मला समाधान वाटते. मुक्ताई दादांचे म्हणणे म्हणून मला फार पटले.

नंदुरबारकर

ताई, माहिती चांगली दिलीत. पण मला मूळ धोरणावरच आक्षेप नोंदवायचा आहे.

राज्य सरकार दावे भरण्यासाठी जो पैसा खर्च करते त्याचा मोठा भाग खासगी रुग्णालयांकडे जातो, आणि ती रुग्णालये जळगाव, धुळे, नाशिक अशा शहरांत आहेत. तळोदा किंवा धडगावच्या माणसाला विम्याचे कार्ड दिल्याने तेथे शल्यविशारद उगवत नाही. तोच पैसा ग्रामीण रुग्णालयांत भूलतज्ज्ञ आणि सोनोग्राफी यंत्र चालवणारा माणूस नेमण्यासाठी वापरला असता तर कार्डाची गरजच कमी झाली असती. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले, केस पेपरचे शुल्कही गेले. माझ्या मते गरीब कुटुंबासाठी ती सर्वांत मोठी सुधारणा होती, आणि तिच्याविषयी या धाग्यात अजून कुणी बोललेले नाही.

पांझराकाठ

नंदुरबारकर आबा, आपले म्हणणे निम्मे मान्य आहे. पण त्या निर्णयातून वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालयीन रुग्णालये वगळलेली आहेत, हेही सांगायला हवे. चोपडा किंवा शिरपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात शुल्क नाही, पण जळगावचे पूर्वीचे जिल्हा रुग्णालय शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडले गेले असल्यामुळे तेथील नियम वेगळे आहेत. ज्या मोठ्या सरकारी रुग्णालयात गंभीर रुग्ण जातो तेथेच मोफत उपचाराचा निर्णय लागू नाही, आणि म्हणून तेथे फुले योजनेचे कार्ड कामाला येते. दोन्ही सुधारणा एकमेकींना पूरक आहेत. एकीच्या बदल्यात दुसरी मागणे मला योग्य वाटत नाही.

नंदुरबारकर

जिभाऊ, पूरक असायला हव्यात, हे मान्य. परंतु केंद्राच्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. हा आकडा दाखवून विमा योजनांचे यश सांगितले जाते. त्या वर्षांत कोविडमुळे सरकारचा खर्च वाढलेला होता, आणि मुख्य म्हणजे माणूस ज्या औषधांवर आणि तपासण्यांवर महिनोन्महिने खर्च करतो त्या योजनेच्या बाहेरच आहेत. माझ्या गावातील बायका कंबरदुखीसाठी, पांढरे पाणी जाण्यासाठी, मुलांच्या खोकल्यासाठी खासगी दवाखान्यात पैसे देतात. त्यांना भरती व्हायचेच नसते. पाच लाखांपैकी त्यांच्या वाट्याला वर्षानुवर्षे एक रुपयाही येत नाही.

दवाखाना_भुसावळ

हा मुद्दा अगदी रास्त आहे. माझ्याकडे येणाऱ्या शंभर रुग्णांपैकी भरती करावी लागते ती मोजक्यांना. तरीही कुटुंब कर्जात बुडते ते बहुधा त्या मोजक्यांमुळे, आणि योजना तेथेच उभी राहते.

हिशेबनीस_चोपडा

मी विमा विकत नाही, पण लोकांचे हिशेब आणि करविवरणे पाहतो, त्यामुळे पॉलिसीचे कागद वाचण्याची सवय आहे. मूळ प्रश्नाकडे वळतो.

भावाचा हप्ता २३,००० रुपये मागच्या वर्षीचा म्हणालात. त्यात १८ टक्के वस्तू व सेवा कर धरलेला असेल, तर सुमारे ३,५०० रुपये कराचेच होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील हा कर शून्य झाला आहे. कंपनीने मूळ दर वाढवला नसेल तर या वर्षी हप्ता १९,५०० च्या आसपास यायला हवा. नूतनीकरणाची नोटीस हाती घेऊन हे तपासा.

दुसरे असे की कुटुंबाच्या एकत्रित पॉलिसीचा दर घरातील सर्वांत मोठ्या वयाच्या सदस्यावर बराचसा अवलंबून असतो. आई ६६ वर्षांच्या आहेत, म्हणून चौघांच्या तरुण कुटुंबालाही त्यांच्या वयाचा दर लागतो. आईंची पॉलिसी वेगळी आणि चौघांची वेगळी केली तर दोन्हींचे स्वतंत्र दर कंपनीकडून लेखी मागवता येतात.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे. आईंचा मधुमेह पॉलिसी घेतेवेळी जाहीर केलेला असेल तर सहा वर्षांत त्याचा प्रतीक्षाकाळ (ज्या मुदतीत त्या आजाराचा दावा मिळत नाही ती) संपलेला आहे. २०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो, आणि पाच वर्षे सलग हप्ता भरल्यावर फसवणुकीचा प्रकार वगळता जुनी माहिती लपवल्याचे कारण देऊन कंपनीला दावा नाकारता येत नाही. आपल्या भावाने सहा वर्षांत जे कमावले ते हे आहे. पॉलिसी बंद केली तर ते जाईल. पुढे सत्तरीत नवी पॉलिसी मागितली तर ६५ वर्षांची जुनी वयोमर्यादा नियमातून गेली असली तरी कंपनी वैद्यकीय तपासणी करून नकार देऊ शकते किंवा दर वाढवू शकते. चौघांचे तसे नाही. ते निरोगी आहेत. त्यांनी काही वर्षे फुले योजनेवर काढून पुढे उत्पन्न वाढल्यावर पुन्हा पॉलिसी घेतली तर प्रतीक्षाकाळ नव्याने सुरू होईल, पण पॉलिसी मिळेल.

म्हणून माझा सल्ला सर्वसाधारण समजुतीच्या उलट आहे. पैसे कमीच असतील तर आईंची पॉलिसी ठेवावी आणि तरुणांची सोडावी.

केळीबाग_रावेर

रात्री लिहितो म्हणालो होतो, ते आता लिहितो. हिशेबनीस आप्पा, अर्धे पटते. माझ्या लहान भावाने अशीच पॉलिसी सोडली, वय ३४, कधी डोके दुखले नव्हते. पित्ताशयाचा त्रास रात्री उठला. जवळचे रुग्णालय योजनेत होते पण त्या शाखेसाठी नव्हते, पुढच्या ठिकाणी योजनेची खाट रिकामी नव्हती, आणि वेदनेने कळवळणाऱ्या माणसाला घेऊन तिसरे ठिकाण शोधण्याची हिंमत आम्हाला झाली नाही. डिपॉझिट भरून भरती केले आणि केळीच्या पिकावर व्यापाऱ्याकडून उचल घेतली. भाव पडलेले होते. पॉलिसी असती तर त्या रात्री दारातच कॅशलेस (बिल परस्पर कंपनीकडून) झाले असते. कमावता माणूस विम्याविना बिनधास्त सोडता येतो, हे मला मान्य नाही.

हिशेबनीस_चोपडा

केळीबाग भाऊ, आपला अनुभव नाकारत नाही. चौघांसाठी मधला मार्ग असा आहे. सर्वसामान्यांसाठी प्रमाणित केलेली ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसी बहुतेक कंपन्यांकडे मिळते, तिच्या अटी सर्वत्र सारख्या असतात आणि दाव्याच्या पाच टक्के रक्कम आपण भरायची असते. कमी विमा रकमेची ती पॉलिसी घेतली तर रात्रीच्या वेळी दारात उभे राहण्यापुरती सोय होते, आणि मोठ्या, नियोजित शस्त्रक्रियेसाठी फुले योजना राहते. मात्र एकाच भरतीत थोडे पैसे योजनेतून आणि थोडे पॉलिसीतून, असे जोडता येईल हे गृहीत धरू नये. भरती होतानाच कोणते कार्ड द्यायचे ते ठरवावे लागते.

मुक्ताई_शेतकरी

धर्मादाय रुग्णालयांचाही उल्लेख राहू नये. उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार नोंदणीकृत धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. १,८०,००० रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेले कुटुंब निर्धन गटात आणि ३,६०,००० पर्यंतचे दुर्बल घटकात येते. बोरीकाठ दादांच्या भावाचे दोघांचे मिळून २,१६,००० होतात, म्हणजे त्यांना निम्म्या दराची सवलत मागता येईल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घरात तयार असावा, कारण रुग्ण दारात असताना तो काढता येत नाही.

आशा_पारोळा

आणि आईंना ७० वर्षे पूर्ण झाल्यावर आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येईल. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, ते मिळते. खासगी पॉलिसी असली तरी अडचण नाही. म्हणजे प्रश्न मधल्या चार वर्षांचा आहे.

बोरीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. भाऊ, भावजय आणि मी काल रात्री बसून सर्व प्रतिसाद वाचले. आशाताईंच्या “मधल्या चार वर्षांचा” या वाक्यावर भाऊ बराच वेळ विचार करत होता.

कंपनीकडून वेगवेगळे दर मागवले. आईची स्वतंत्र पॉलिसी तीन लाखांची ठेवायची आणि तिचा आजवरचा प्रतीक्षाकाळ त्यात धरला जाईल हे लेखी घ्यायचे, असे ठरले. ती मी आणि भाऊ निम्मी-निम्मी भरू. आई दोघांची आहे, हे मला आधीच सुचायला हवे होते असे भावजय म्हणाली, आणि ते बरोबर आहे. चौघांसाठी भाऊ फुले योजनेवर राहणार म्हणतो, पण केळीबाग भाऊंचा अनुभव वाचून भावजयीने आरोग्य संजीवनीचा दर मागवला आहे, तो अजून आलेला नाही. मधुमेहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून आणायला आई तयार झाली. योजनेतील रुग्णालयांची शाखावार यादी मी काढत आहे, पूर्ण झाली की येथेच टाकतो.

एक शंका उरली. संजीवनीचा दर येण्यास उशीर झाला आणि नूतनीकरणाची तारीख उलटली तर आईचे सहा वर्षांचे सातत्य लगेच तुटेल काय?

हिशेबनीस_चोपडा

लगेच तुटणार नाही. वार्षिक हप्त्यासाठी तारखेनंतर ३० दिवसांचा सवलतीचा काळ असतो आणि त्यात हप्ता भरल्यास प्रतीक्षाकाळाचे सातत्य टिकते. परंतु हप्ता भरेपर्यंतच्या मधल्या दिवसांत आजार उद्भवला तर त्याचा दावा मिळत नाही, तेव्हा आईंचा हप्ता चौघांच्या दरासाठी अडवून ठेवू नका. तो तारखेच्या आधी स्वतंत्र भरा. आणि पॉलिसी वेगळी करण्याचा अर्ज सध्याची पॉलिसी चालू असतानाच द्या, त्याची पोहोच घ्या.